थिजलेले तूप आणि तुंबलेले बेसिन

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. त्यांच्यासोबत मोटरहोमने, म्हणजे चाकांवरच्या घराने, फिरण्याचा योग कोणासही येऊ शकतो. चिरंजीवांनी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन दाखविण्यासाठी असे वाहन भाड्याने घेतले, ते केवळ आपल्या आईसाठी. बाहेरचे अन्न तिला चालत नाही. स्वतःच्या हातचा स्वयंपाक होणार असेल तरच ती प्रवासास निघते.

मुक्काम दरीच्या दक्षिण कड्यावर, सुमारे ७,००० फूट उंचीवर होता. ऑक्टोबरची थंडी. सूर्यास्तापूर्वी खिचडी-कढीचे जेवण आटोपले आणि भांडी विसळताना बेसिनमधील पाणी उतरेना. "उद्यापासून दूध आणि फळांवर भागवू," ही ओशाळून म्हणाली. अजून पाच मुक्काम बाकी होते.

सूनबाई मोरी साफ करण्याचे औषध आणण्यास निघाल्या. शेजारच्या गाडीतील वृद्ध गृहस्थांनी थांबविले. या गाड्यांच्या नळ्या प्लॅस्टिकच्या आणि झडपांची वॉशरे रबरी असतात. दाहक क्षार किंवा उकळते पाणी त्यांना बाधते. "आधी न्हाणीघरात पाहा," ते म्हणाले.

त्याचे कारण असे. या गाडीला घरासारखे गटार नसते. आमच्या गाडीत शौचकूपाची टाकी निराळी होती. बेसिन व न्हाणी यांचे सांडपाणी दुसऱ्या एकाच टाकीत साठे. ती भरली की पाणी उलटते आणि सर्वांत खाली असलेल्या न्हाणीच्या मोरीतून प्रथम वर येते. टाकीच्या दर्शक दिव्यावर विसंबू नये. आत चिकटलेल्या मळामुळे तो रिकामी टाकीही भरलेली दाखवितो. (रोकड न मोजता केवळ संगणकावरील शिल्लक खरी मानणारे काही सहकारी मला आठवले.) न्हाणीची मोरी कोरडी होती, ओतलेले पाणी सरळ उतरले. म्हणजे टाकीत जागा होती; अडथळा बेसिनखालीच होता.

साचलेले पाणी वाटीने उपसले, खालच्या कपाटात बादली ठेवली आणि वाकड्या नळीचे दोन्ही नट हातानेच सैल केले. पाना लावल्यास प्लॅस्टिकचे आटे जातात. नळीत मेणासारखा पांढरा बोळा निघाला: तूप आणि भाताची शिते. आपल्याकडेही थंडीत बरणीतले तूप थिजते; येथे तर गाडीच्या पोटातील नळीच गारठलेली. बोळा तेथे न सापडता, तर पुढील नळीत लवचीक तार फिरवावी लागली असती. नळी धुऊन, वॉशर नीट बसवून, साबणाचे गरम पाणी सोडले आणि सांध्यांवर कोरडा कागद फिरवून गळती नसल्याचे पाहिले.

बादली झाडाखाली रिकामी करण्यास मी निघालो होतो. चिरंजीवांनी अडविले, गाडीचे सांडपाणी तेथे जमिनीवर टाकण्यास कायद्याने मनाई आहे. ते सकाळी ठरावीक जागीच ओतले.

त्या दिवशी हिने पोळ्या केल्या. प्रत्येक ताट बेसिनमध्ये जाण्यापूर्वी कागदाने पुसण्याचे काम माझ्याकडे आले, ते परतीपर्यंत माझ्याकडेच राहिले.