परिक्रमेत रात्री झोपायचं कुठे? आणि फुकटच्या मुक्कामाला रेटिंग द्यायचं का?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. लोकलच्या गर्दीत ज्यांना इयरफोन लावूनही धड ऐकू आलं नाही आणि ज्यांना फक्त मुद्द्याचं वाचायचंय, त्यांच्यासाठी. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

विषय आहे नर्मदा परिक्रमा. श्रद्धा, अनुभूती, चमत्कार यांवर मराठीत भरपूर बोललं गेलंय, त्यामुळे आज ते बाजूला ठेवू. आजचा प्रश्न एकच, पण चार-पाच महिने रोज संध्याकाळी पडणारा: रात्री झोपायचं कुठे? आणि चालून आलेली माणसं या मुक्कामांबद्दल नेमकं काय म्हणतात?

अंबरनाथ एमआयडीसीत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ट्रेकचा मुक्काम म्हणजे काय ते माहितीय. राजमाचीला जायचं ठरलं की उधेवाडीतल्या एखाद्या घरी फोन करायचा, किती जण ते सांगायचं, माणशी रेट ठरवायचा. पिठलं-भाकरी खायची, पडवीत झोपायचं, सकाळी पैसे द्यायचे. हिशोब सरळ. परिक्रमेत हा हिशोबच बदलतो.

आधी आकडे

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. लांबी १३१२ किलोमीटर. परिक्रमा म्हणजे नदी कायम उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, दोन्ही काठांनी पूर्ण फेरी. म्हणजे २६०० किलोमीटर तर झालेच. वळसे, डोंगर, उपनद्यांचे फेरे धरून बहुतेक जण ३००० च्या आसपास सांगतात. रोज २० ते २५ किलोमीटर चाललात तर १२० ते १५० रात्री होतात. शास्त्रातली परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. पण नोकरी, घर सांभाळून जाणारे पावसाळा संपल्यावर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. चातुर्मासात चालत नाहीत.

आपल्याकडून बरेच जण कल्याणहून खंडव्याची गाडी पकडतात, तिथून बसने ओंकारेश्वर. संकल्प तिथेच करतात आणि चालायला लागतात. त्या क्षणी पुढच्या शंभरपेक्षा जास्त रात्रींपैकी एकाही रात्रीचं बुकिंग तुमच्याकडे नसतं.

मुक्काम मिळतो कसा?

ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला, आश्रम. छोट्या कुटीपासून मोठ्या ट्रस्टच्या इमारतीपर्यंत काहीही असू शकतं. दुसरा, धर्मशाळा किंवा देवळाचा ओटा. तिसरा, गावातली शाळा किंवा पंचायतीची खोली. आणि चौथा, कुणाचं तरी घर.

पद्धत साधारण सगळीकडे सारखी. सूर्य मावळायच्या आत पोहोचायचं. 'नर्मदे हर' म्हणायचं. समोरून प्रश्न येतो, 'कितनी मूर्ती?' म्हणजे किती माणसं. इथे माणसं मूर्तीत मोजतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फार गंमतशीर वाटतं. मग 'आसन लगाओ' म्हणतात. आसन लावणं म्हणजे आपली चटई, पथारी टाकून जागा धरणं. पुढे दोन शक्यता: आयतं जेवण मिळालं तर ती भोजनप्रसादी, पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा मिळाला तर ते सदावर्त, स्वयंपाक तुम्ही करायचा. सकाळी चहा, पोहे असं काही मिळालं तर तो बालभोग. बरेच जण सोबत वही किंवा प्रमाणपत्र ठेवतात आणि मुक्कामाच्या ठिकाणी शिक्का घेतात.

या सगळ्याचं बिल नसतं. दानपेटी असेल तर असेल.

चालून आलेले काय सांगतात?

एपिसोडसाठी मी अंबरनाथ-बदलापुरातल्या काही परिक्रमावासींशी बोललो. एक एमआयडीसीतून निवृत्त झालेले सुपरवायझर काका, बदलापूरच्या एक शिक्षिका आणि माझ्याच वयाचा, दोन नोकऱ्यांच्या मधल्या गॅपमध्ये गेलेला एक जण. तिघांची मतं तीन दिशांना गेली.

काकांना कसलीच तक्रार नव्हती. अनोळखी माणूस दारात आल्यावर आधी पाणी आणि मग नाव विचारणारी घरं अजून आहेत, याचंच त्यांना अप्रूप. जाड टिक्कड आणि पातळ डाळ महिनाभर खाल्ली तरी कंटाळा आला नाही म्हणाले. खरं की प्रेमापोटी, ते काकूंना माहीत.

शिक्षिका बाईंचं बोलणं जास्त कामाचं होतं. त्यांच्या मते आश्रम चांगला की वाईट हे जेवणावरून ठरतच नाही. तीन गोष्टींवरून ठरतं: संडास आहे का आणि त्याला कडी आहे का, बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का, आणि रात्री झोपायला वेगळी खोली आहे की पुरुषांसोबत एकाच हॉलमध्ये. काठावरच्या पुष्कळ ठिकाणी आंघोळ थेट नदीवर असते. पहाटेच्या अंधारात घाटावर एकट्या बाईने जायचं का, हा प्रश्न पुरुषांच्या वर्णनांत येतच नाही, असं त्या म्हणाल्या. वाचून बघा, पटेल.

आमच्या वयाच्या मित्राची यादी आपल्या ओळखीची: चार्जिंगला एकच पॉइंट आणि पंधरा फोन, डिसेंबर-जानेवारीची मध्य प्रदेशातली थंडी आणि पुरतील इतकी पांघरुणं नाहीत, घोरणारे सोबती, पहाटे चारला सुरू होणारा लाउडस्पीकर. पण पाय सुजला तेव्हा एका कुटीत त्याला तीन दिवस ठेवून घेतलं, रोज गरम पाणी दिलं आणि निघताना पैसे घेतले नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. तक्रार आणि कृतज्ञता एकाच माणसाकडे, एकाच दमात.

दोन ठिकाणं समजून घ्या

पहिलं ठिकाण शूलपाणीची झाडी. दक्षिण तटावर बडवानी सोडलं की सातपुड्याचा हा डोंगराळ भाग येतो आणि वाट महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात शिरते. भादल, बिलगाव, धडगाव, मोलगी ही नावं इथली. जुन्या वर्णनांत या झाडीची ओळख एकच: इथे परिक्रमावासीला लुटतात, अंगावरचे कपडेही ठेवत नाहीत. आजची वर्णनं वाचलीत तर त्याच डोंगरातली भिल्ल, पावरा घरं चालणाऱ्यांना ठेवून घेतात, भाकरी खाऊ घालतात.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात काठाची गावं गेली. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातल्या पहिल्या बुडालेल्या गावांपैकी. मूळ शूलपाणेश्वराचं देऊळही पाण्याखाली गेलं, नवं देऊळ गुजरातमध्ये गोऱ्याला बांधलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. काठावरचे घाट, देवळं, वाटा बुडाल्यावर चालण्याचा रस्ता डोंगरावर सरकला आणि मुक्काम डोंगरातल्या घरांवर आला. म्हणजे धरणाने ज्यांची शेतं घेतली त्या पट्ट्यातली माणसंच आज आपल्याला जेवू घालतायत. तिथे जाऊन 'भाजी नव्हती' असं लिहिण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दुसरं ठिकाण समुद्राजवळचं. दक्षिण तट संपतो तिथे कठपोरहून होडीने खाडी ओलांडून उत्तर तटावर मिठी तलाईला जायचं असतं. परिक्रमेत बसायची होडी ती हीच, आणि तिचं भाडं लागतं. होडी भरतीच्या वेळेवर सुटते. चालणारे रोज येत राहतात, पण होड्या मोजक्या आणि भरती कुणाचं ऐकत नाही. आमच्या भाषेत हा शुद्ध बॉटलनेक. मागून ट्रॅफिक येतंय, पुढचा पाइप अरुंद, मग क्यू वाढणारच. त्यामुळे इथल्या मुक्कामांबद्दल गर्दीच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत. त्यातल्या बऱ्याच तक्रारी आश्रमाच्या नसून भरती-ओहोटीच्या आहेत, हे लोक विसरतात.

स्पेनमध्ये काय करतात?

जगात असा मुक्कामी रस्ता अजून एक आहे, कॅमिनो दे सांतियागो. फ्रान्सच्या सीमेवरून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची प्रसिद्ध वाट साधारण ७८० किलोमीटरची. तिथे चालणाऱ्यांसाठी 'अल्बेर्गे' नावाची वसतिगृहं आहेत: डॉर्मिटरी, बंक बेड, बहुधा एकच रात्र, आणि हातातल्या पासवर शिक्का. शिक्क्याची पद्धत आपल्यासारखीच. २०२४ मध्ये तिथे पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेणारे जवळपास ५ लाख होते.

बऱ्याच अल्बेर्गेंचा दर ठरलेला असतो. काही मात्र 'दोनातिवो', म्हणजे स्वेच्छेने द्या. आणि तिथली कायमची तक्रार ऐका: लोक दोनातिवोचा अर्थ फुकट असा घेतात. तुम्ही पेटीत टाकलेल्या पैशांतून उद्याच्या माणसाचं जेवण होतं, हे तिथल्या स्वयंसेवकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. माणूस सगळीकडे सारखाच.

मग रेटिंग द्यायचं की नाही?

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. रेटिंग सिस्टिम कशी चालते? तुम्ही पैसे देता, बदल्यात काहीतरी अपेक्षित असतं, ते मिळालं की नाही याचा आकडा म्हणजे स्टार. चांगले स्टार मिळाले की गिऱ्हाईक वाढतं, आणि गिऱ्हाईक वाढलं की हॉटेलचा गल्ला वाढतो.

सदावर्ताला माणूस वाढला की खर्च वाढतो. हा फरक लक्षात घ्या, सगळं यातच आहे. तुम्ही झाडीतल्या एका घराला पाच स्टार दिले, मॅपवर पिन टाकली, रीलमध्ये नाव सांगितलं, तर त्या घराला बक्षीस मिळत नाही. रोज दहा माणसं दारात येतात. हिशोब करू: दहा मूर्ती, माणशी पाव किलो पीठ, म्हणजे रोज अडीच किलो. १२० दिवस धरले तर ३०० किलो, तीन क्विंटल. हे नुसतं पीठ. डाळ, तेल, सरपण आणि त्या घरातल्या बाईची मेहनत यात धरलेलीच नाही. डोंगरउतारावरच्या शेतीवर हा बोजा किती पडत असेल, विचार करा.

म्हणजे गप्प बसायचं? नाही. त्या शिक्षिका बाईंना लागलेली माहिती पुढच्या बाईला आधी मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की मत आणि माहिती वेगळी ठेवा. मला योग्य वाटणारी पद्धत अशी:

१. स्टार देऊ नका. माहिती लिहा: पाणी कुठे, संडास आहे का, बायकांसाठी वेगळी सोय आहे का, जेवण की शिधा, किती जण मावतात, पुढचा मुक्काम किती लांब. आणि कोणत्या महिन्यात गेला होता ते.

२. आश्रम, धर्मशाळेची पिन टाकायला हरकत नाही, त्या त्यासाठीच आहेत. घराची पिन विचारल्याशिवाय नाही. घरातल्या लोकांचे फोटो, फोन नंबर तर नाहीच.

३. असुरक्षित वाटलं, कुणी त्रास दिला, तर ते मात्र स्पष्ट लिहा. फुकट दिलं म्हणून ते झाकायचं नसतं.

आणि पैसे?

यावर परिक्रमावासींमध्ये दोन तट आहेत, आणि इथे नदी मध्ये नाही. एक गट म्हणतो, परिक्रमा म्हणजे मागून खाणं, अहंकार गाळणं. पैसे दिले की ते हॉटेल झालं. दुसरा म्हणतो, ज्याच्या खिशात पगार आहे त्याने गरिबाच्या चुलीवर फुकट जेवायचं यात कसला अहंकार गळतो?

मला दुसरं जास्त पटतं, पण सरसकट नाही. मोठ्या ट्रस्टच्या आश्रमामागे देणगीदार असतात. तिथे पेटीत जमेल ते टाका आणि झाडलोट, भांडी यांना हात लावा. झाडीतल्या घरामागे देणगीदार नसतो. तिथे पैसे पुढे केले तर बहुतेक वेळा नकार येतो. त्यावर चालून आलेल्यांनी काढलेला मार्ग सोपा आहे: वाटेतल्या बाजाराच्या गावात, म्हणजे धडगाव-मोलगीसारख्या ठिकाणी, किलो-दोन किलो डाळ, तेल, मीठ, चहा-साखर घ्यायची आणि संध्याकाळी चूल पेटायच्या आत घरातल्या बाईच्या हातात द्यायची. त्याला कुणी नाही म्हणत नाही. पाठीवर दोन किलो जास्त होतात, पण एका दिवसापुरतेच. पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटत जाऊ नका. चालणारा दिसला की हात पसरायची सवय त्यातूनच लागते.

यंदा देवउठनी एकादशीनंतर निघणारे कुणी ऐकत असाल, तर वहीत शिक्क्यासोबत एक ओळ लिहीत चला: आज किती जण होतो आणि कुणी रांधलं. परत आल्यावर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. बायकांच्या व्हॉइस नोट आल्या तर खास आनंद होईल, कारण संडासाच्या कडीबद्दल एक पूर्ण एपिसोड होऊ शकतो आणि तो व्हायलाच हवा.

भेटू पुढच्या भागात. नर्मदे हर!