वायर लपवा, पण गाडू नका

धानाचे चुकारे हाती पडले की भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या बैठकीत टीव्हीचा आकार वाढतो आणि त्याच्या मागोमाग पाच स्पीकर आणि एक वूफर असा होम थिएटरचा संच येतो. समोरचे तीन स्पीकर टीव्हीभोवती बसून जातात. मागच्या दोघांपर्यंत वायर न्यायची वेळ आली की मात्र घरातले, शेजारचे आणि दुकानातले सगळेच सल्लागार होतात. त्या सल्ल्यांतले निम्मे चुकीचे असतात, आणि वायर एकदा भिंतीत गेली की चूक दिसतही नाही.

सगळ्यात महाग पडणारा सल्ला म्हणजे, ‘वायरच ती, प्लास्टरमध्ये दाबून टाका.’ नुसती वायर प्लास्टरमध्ये दाबली की ती पुन्हा निघत नाही. उद्या कुणी फोटो लावायला खिळा ठोकला, किंवा ओल आतपर्यंत गेली, तर स्पीकर मुका होतो आणि भिंत फोडण्याखेरीज उपाय उरत नाही. वायर जाईल ती पीव्हीसी पाईपमधून, वळणावर काटकोनी एल्बोऐवजी सौम्य बेंड घालून. आत एक ओढतार सोडून ठेवा, म्हणजे पुढे वायर बदलायची झाली तर जुनी ओढून नवी घालता येते. याच पाईपमधून कधी एचडीएमआय न्यायची असेल तर वायरपेक्षा तिचं तोंड मापा. ते साधारण २० मिलिमीटर रुंद असतं आणि २५ च्या पाईपच्या बेंडमध्ये हमखास अडकतं. तिथे ४० चा पाईप हवा.

पण पाईप बसेल एवढी झिरी प्रत्येक भिंतीत मारता येते, हाही गैरसमजच. विटांच्या भार पेलणाऱ्या भिंतींसाठीचं भारतीय मानक, आयएस १९०५, सांगतं की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची भिंतीत आडव्या झिरीला साधारण ३८ मिलिमीटर मिळतात. साडेचार इंचीत मिळतात जेमतेम १९, म्हणजे २५ चा पाईप तिथे बसतच नाही. कटर चालवणारा माणूस मात्र सोफ्याच्या उंचीवर एका दमात आडवी रेघ मारून मोकळा होतो, कारण त्याला ते सोपं पडतं. मार्ग असा आखावा: टीव्हीमागून उभं वर, स्लॅबच्या कडेने पीओपीमधून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून उभं खाली. कॉलम आणि बीमला हातही लावायचा नाही. कवेलूच्या जुन्या घरात मातीची भिंत असेल तर झिरीचा विचारच सोडा. चौकटीच्या आणि छताच्या कडेने केसिंगची पट्टी मारून भिंतीचाच रंग दिला, तर चार दिवसांनी ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही. पट्टी म्हणजे कमीपणा असं आपल्याकडे का मानतात कोण जाणे. भाड्याच्या घरात तर तीच शहाणपणाची.

झिरी मारण्यापूर्वी एमसीबी पाडली की भिंत सुरक्षित झाली, असं समजू नका. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे एमसीबी पडली तरी पंख्या-दिव्यांची एक लाईन जिवंत राहू शकते. तोही बंद करा आणि टेस्टरने खात्री करून मगच कटर लावा.

‘दिव्याच्या पाईपातच घाला, स्पीकरला कुठे करंट असतो?’ यातलं अर्धं खरं आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट देताना वायरवर साधारण २० व्होल्ट असतात. घरातली लाईन २३० व्होल्टची. धोका नेमका त्या दुसऱ्या आकड्याचा आहे. एकाच पाईपात इन्सुलेशन घासलं गेलं तर २३० व्होल्ट थेट अॅम्प्लिफायरवर आणि स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येतात, जिथे पोरांचे हात पोहोचतात. म्हणून पाईप वेगळा, शक्यतो फूटभर अंतरावर, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. घरघर येते ती बहुतेक वेळा स्पीकरच्या वायरमधून नव्हे, तर वूफरकडे जाणाऱ्या बारीक सिग्नल केबलमधून. त्या केबलला लाईनपासून जास्त जपा.

वायर किती भारी घ्यावी यावरही बरीच दंतकथा आहे. ‘ऑक्सिजन-फ्री’ छापलेल्या तांब्याचा आणि चांगल्या साध्या तांब्याचा फरक कानाला कळण्याइतका नसतो. फरक पडतो तो जाडीचा. चौकट चढून, छताच्या कडेने फिरून मागच्या स्पीकरपर्यंत जाणारी वायर सहज १४ मीटर होते. वायर लपवायची तर तिची लांबी वाढतेच. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा जाऊन-येऊन रोध इथे साधारण ०.३२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला किरकोळ. तीच लांबी ०.५ च्या बारीक वायरने काढली आणि स्पीकर ४ ओहमचा असला, तर स्पीकरला मिळायच्या ताकदीतला जवळपास एक तृतीयांश हिस्सा कमी होतो. नागपूरहून स्वस्तात आणलेल्या बंडलातला एक तंतू ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरा निघाला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि वाकवताना ते लवकर तुटतं.

डाव्या-उजव्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, म्हणून जास्तीची वायर गुंडाळून सोफ्यामागे कोंबणारे पुष्कळ. सात मीटरचा फरक असला तरी सिग्नलला उशीर होतो सुमारे ३५ नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकतो. जास्तीची वायर कापा.

‘वायरलेस घ्या, कटकटच नको’ म्हणणाऱ्याला विचारा, मागच्या स्पीकरला वीज कुठून येणार? सिग्नल हवेतून येतो, २३० व्होल्ट येत नाहीत. बॅटरीचा स्पीकर नसेल तर मागच्या भिंतीवर दोन प्लग लागतीलच.

सतरंजीखालून वायर नेणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. पायाखाली तंतू एकेक करून तुटतात, आणि पावसाळ्यात फरशीला सुटणाऱ्या ओलीने जोडावरचं तांबं काळं पडतं. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी भंडारा शहरातल्या घरांत शिरलं होतं. नदीकाठच्या वस्तीत बोर्ड आणि जोड जमिनीलगत ठेवायचं काहीच कारण नाही. पाईपात घातलेली वायर उंदरांपासून सुरक्षित, हेही पाईपाची तोंडं बंद केली तरच खरं. बांधीतलं धान घरी आलं की उंदीरही येतात आणि उघडा पाईप त्यांना आयता रस्ता होतो. तोंडाशी तारेची जाळी कोंबा आणि वर प्लेट लावा.

प्लास्टर चढण्यापूर्वी उघड्या झिरीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. आणि काम झाल्यावर कुठली वायर कुठल्या स्पीकरची हे कुणालाच आठवत नसेल, तर अॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ज्या स्पीकरमधून ‘टक्’ ऐकू येईल, वायर त्याची. त्याच वेळी जाळी काढून शंकूकडे पाहायला कुणाला तरी उभं करा: शंकू बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला टेकलेली तार लाल टर्मिनलची, आत गेला तर काळ्याची. एखाद्या स्पीकरची जोडणी उलटी राहिली तर आवाज येतो, पण खर्ज पातळ होतो, आणि लोक दोष देतात वूफरला.