ॲल्युमिनियमचा आरसा

दौलताबादचा किल्ला पाहायला गेलात, तर पायथ्याशी उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडेही जरा नजर टाका. इंजिनावरचे एखादे झाकण राखाडी, मळकट दिसेल. दुसऱ्या एखाद्या गाडीचे झाकण मात्र इतके लखलखीत असेल, की त्यात तुमचाच चेहरा फुगीर आणि गमतीदार दिसेल. येथून जवळच वाळूजला 1985 पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. तेव्हा अशी झाकणे या भागाला नवी नाहीत. दोन्ही झाकणे बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीच असतात. मग एकाचाच आरसा का व्हावा?

प्रकाशकिरण ज्या कोनात पृष्ठभागावर येतो, त्याच कोनात परावर्तित होतो, हा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. मळकट झाकणावरही तो तंतोतंत पाळला जातो. पण तेथे सूक्ष्म डोंगर-दऱ्या असतात. प्रत्येक उताराची दिशा वेगळी, म्हणून शेजारशेजारचे किरण चहूकडे पांगतात. प्रकाश परत येतो, पण प्रतिमा मिळत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे 2,000व्या भागाइतकी असते. खाचा त्याहून बऱ्याच उथळ झाल्या, की प्रकाशाच्या दृष्टीने पृष्ठभाग सपाट ठरतो.

या खाचा घालवायच्या कशा? गंमत अशी, की त्यासाठी आणखी खाचा पाडाव्या लागतात. मात्र आधीपेक्षा बारीक! कारागीर प्रथम झाकणावरचे तेल, माती आणि असल्यास पारदर्शक रोगण काढतो. मग 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासतो. त्याचे कण मिलिमीटरच्या सुमारे 30व्या भागाएवढे असतात. पुढे 600, 800, 1000 असे करीत तो 2000 नंबरपर्यंत जातो. तेथे कण 100व्या भागाएवढे असतात. दर वेळी घासण्याची दिशा तो आडवी-उभी बदलतो. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्या की नाहीत, हे त्यामुळे चटकन कळते. एखादा नंबर घाईने गाळला, तर खोल रेघ शेवटपर्यंत राहते आणि चकाकी आल्यावर उलट अधिकच उठून दिसते. अखेरीस कापडी चाकावर वडीसारखा मसाला लावून झाकण घासले जाते आणि त्यात चेहरा उमटतो.

पॉलिश पेपरवरचे कण पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. निसर्गात हाच पदार्थ कुरुंद म्हणून आढळतो. मोहच्या कठिणतेच्या मापावर हिऱ्याला 10, कुरुंदाला 9, तर ॲल्युमिनियमला जेमतेम 3 गुण मिळतात. म्हणजे ॲल्युमिनियम घासले जाते ते त्याच्याच ऑक्साइडने! घासून उघड्या पडलेल्या धातूवर हवेतील ऑक्सिजनमुळे त्याच ऑक्साइडचा पापुद्रा लगेच तयार होतो. तो मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतका पातळ आणि पारदर्शक असतो, म्हणून चकाकी झाकत नाही. उलट आतल्या धातूचे रक्षण करतो. धुण्याच्या सोड्याने मात्र हा पापुद्रा विरघळतो आणि धातू काळवंडतो. म्हणून असे भाग सोड्याने धुऊ नयेत.

नुसता गुळगुळीतपणा पुरतो का? दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. ते गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या काळी हातकागद खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटलेला कागद झळाळतो, पण आरसा होत नाही. कारण बहुतेक प्रकाश त्याच्या तंतूंमध्ये शिरून विखुरला जातो. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाला आत फारसे शिरूच देत नाहीत. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे 90 टक्के दृश्य प्रकाश परत पाठवते. 1948 मध्ये अमेरिकेतील पॅलोमार येथे उभारलेल्या दुर्बिणीच्या 5 मीटर व्यासाच्या काचेवरही म्हणूनच ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला आहे.

या चकाकीला एक भयंकर बाजूही आहे. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत पसरली, तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. 2 ऑगस्ट 2014 रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारींच्या चाकांना झिलई देणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट झाला आणि शंभराहून अधिक कामगार दगावले. ही धूळ फुफ्फुसांनाही घातक असते. म्हणून कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रणा, रोजची साफसफाई आणि नाकावर मुखवटा यांना पर्याय नाही. घरी भिजवलेला कागद हाताने घासला, तर धूळ उडत नाही. चाकाच्या यंत्राजवळ मात्र तुम्ही जाऊ नका.

आता एक सोपा प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत ॲल्युमिनियम फॉइलच्या चकचकीत बाजूवर विजेरीचा झोत टाका. भिंतीवर उजळ डाग पडेल. मग तीच फॉइल चुरगाळून उलगडा आणि पुन्हा झोत टाका. डाग फुटून प्रकाश भिंतभर पसरेल. धातू तोच, विजेरीही तीच. मग बदलले काय, ते तुमच्या वहीत आकृती काढून दाखवा.