घटस्फोटाचा दावा तडजोडीने मिटतो कसा?

दावा दाखल झाला की आता साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि तारखांवर तारखा, असे आपण धरून चालतो. पण तडजोडीचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयाच्या न्यायाधीशांचे कामच आहे; १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम ९ तसे सांगते.

दोघे हजर झाले की न्यायाधीश बहुधा आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. ‘नांदायला जा म्हणतील’ या धास्तीने काही जण तिकडे फिरकतच नाहीत. पण वेगळे कसे व्हायचे, हेही तिथे बोलता येते. पैशांवर अडले तर प्रकरण मध्यस्थाकडे जाते. मध्यस्थ म्हणजे बोलणी घडवणारा, निकाल न देणारा तटस्थ माणूस.

जमले की संमतीच्या अटी (कन्सेंट टर्म्स) लिहायच्या. खरे घोळ इथे होतात. ‘योग्य ती रक्कम देईन’ हे वाक्य कामाचे नाही. आकडा, तारीख, चेक की ड्राफ्ट, सगळे हवे. स्त्रीधनाची यादी जोडा. मुलांच्या भेटी ठरवताना दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टीही वाटून घ्या. मुलाच्या पोटगीचा हक्क आईवडिलांना परस्पर सोडता येत नाही. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँकेला आपली तडजोड बंधनकारक नसते. तिची लेखी संमती आधी घ्या. फौजदारी तक्रार असेल तर तिचे काय, तेही लिहा. ती रद्द करणे कौटुंबिक न्यायालयाच्या हाती नाही.

मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज होतो. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. एका छपराखाली राहूनही पती-पत्नीचे नाते नसेल तर ते यात बसू शकते.

पुढे सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, मात्र आपोआप नाही. वेगळा अर्ज द्यावा लागतो.

हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम आधीच हातावर ठेवू नये. शेवटचा ड्राफ्ट हुकूमनाम्याच्या दिवशीच कोर्टासमोर द्यावा.

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. तेव्हा वकिलांनी ‘इथे सही करा’ म्हटले तरी आपण प्रत्येक पान वाचूनच सही करावी.