सहाव्या खाटेचा ऑक्सिजन

सकाळी ७.५० : अंबाजोगाई. पाटीवर स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे, पण खेड्यातून येणारा माणूस नुसतं 'मेडिकल' म्हणतो. सिस्टर स्कूटी लावतात. शंभराचं पेट्रोल चार दिवस पुरवायचं असतं. आत गेल्यावर रात्रपाळीकडून चावी घ्यायची, शॉकच्या मशीनचं चार्जिंग बघायचं, जेली उरलीय का बघायचं.

९.१० : केजकडून १०८ येते. शेतकरी, वय ५५, सदरा घामाने चिंब. कळ पहाटे सहाला आली. गॅस असेल म्हणून सोडा पिण्यात दोन तास गेले. ईसीजीची पट्टी निघते. रेष उचललेली. ॲस्पिरिन चावायला देतात.

९.२५ : हातात हिरवी सुई. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, १५ लाख युनिट. सलाइन कुपीत कडेने सोडायचं आणि कुपी तळहातांत हळू फिरवायची. हलवली की फेस. मग १०० मिलीत घालून तासाभरात सोडायचं.

९.३५ : "ताई, ऑक्सिजन लावा ना. गाडीत होता," मुलगा म्हणतो.

बोटावरचं यंत्र ९६ दाखवतंय. "लागत नाही, दादा."

"शेजारच्यांना लावलाय की!"

"त्यांचा ८६ आहे."

मुलाला पटत नाही. कोविडात तो सिलिंडरसाठी रांगेत उभा होता. सिस्टर समजावतात. पूर्वी छातीत दुखलं की मास्क लावायचा, हा शिरस्ताच होता. मग २०१५ साली मेलबर्नच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना गरज नाही त्यांना ऑक्सिजन दिला तर हृदयाचा मेलेला भाग मोठा निघतो. २०१७ साली स्वीडनमध्ये सहा हजारांवर रुग्ण तपासले, फायदा दिसला नाही. आता आकडा ९० खाली गेला तरच लावतात. ऑक्सिजनची दुसरी बाजू अशी : उपाशी पेशीत रक्त परतलं की पहिल्या काही मिनिटांतच ऑक्सिजनचे चवताळलेले रेणू तयार होतात आणि जगलेल्या स्नायूलाच डसतात. त्यांना आवरायला कितीतरी औषधं करून पाहिली. प्राण्यांत चालली, माणसांत टिकली नाहीत.

"म्हणजे मोटार चालू केल्यावर व्हॉल्व्ह हळू उघडतो, तसं," मुलगा म्हणतो.

सिस्टर मान डोलावतात. उपमा पुरती बसत नाही. इथे रक्त हळू सोडून भागत नाही, उशीर झाला की स्नायू मरतो. पण पोरगा शांत बसलाय, म्हणून त्या गप्प राहतात.

१०.१५ : पडद्यावरचे ठोके एकदम रुंद होतात. मुलगा ताडकन उठतो. सिस्टर एक हात पॅडलवर ठेवतात, उचलत नाहीत. दुसऱ्या हाताने नाडी बघतात. बीपी ११०. रक्त पुन्हा वाहू लागलं की कधी कधी असं होतं. दोन मिनिटांत ठोके आपसूक सरळ होतात. पॅडलवरचा हात मात्र आणखी थोडा वेळ तिथेच.

१०.५५ : पुन्हा पट्टी. रेष निम्म्याहून खाली आलीय.

११.३० : गेटवर दहा रुपयांचा चहा. मुलगा फोनवर आहे. सोयाबीन काढायला सांगितलेल्या बाया परत गेल्या, उद्या मिळतील की नाही कोण जाणे. गडबडीत चप्पल घरीच राहिलीय, तो अनवाणीच उभा आहे.

२.०५ : सिस्टर ड्यूटी सोपवतात. औषधं, लघवी, बीपी, सगळं वहीत. निघता निघता मागे वळतात.

"सहा नंबरला नळी नाही. संध्याकाळी त्यांच्या घरून मावशी येतील, त्या पण विचारतील."