पुन्हा पाण्यात (४) : दम आला, खांदा अजून यायचाय

उन्हाळी बॅच सुरू होऊन पंधरवडा उलटला की तलावाच्या काठावर खांदा चोळणारी मंडळी दिसू लागतात. त्यांत नवशिके फारसे नसतात. तेवढं पोहणंच त्यांना जमत नाही. असतात ते कॉलेजात पदकं मिळवून पुढे दहा-पंधरा वर्षं पाण्याकडे न फिरकलेले. अंगात मुरलेलं पोहणं विसरत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

मागच्या लेखात दमाबद्दल बोललो. दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही मागोमाग तयार होतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात, कारण त्यांचा रक्तपुरवठाच बेताचा. २५ मीटरच्या फेरीला वीस हात धरले, तर किलोमीटरला आठशे. एकेका खांद्याच्या वाट्याला चारशे. केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ साली ‘स्विमर्स शोल्डर’बद्दल लिहिलं, तेव्हा खांद्यातल्या अरुंद जागेत कंडरा घासला जातो, यावर भर होता. आता एकाएकी वाढवलेल्या अंतराकडेही तितकंच बोट दाखवलं जातं. म्हणून पहिले दोन आठवडे दिवसाआड, ४०० ते ६०० मीटर, तेही दर ५० मीटरला थांबून. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते याला पर्याय नाही.

आता फ्रीस्टाइलचा हात. शेवटच्या फेऱ्यांमध्ये स्वतःकडे लक्ष द्या. दमलेला माणूस अंग वळवणं सोडतो, सपाट पडून नुसत्या खांद्याने हात ओढतो. श्वास उजवीकडे घेताना डावा हात डोक्यासमोरून पलीकडे जातो. अंगठा आधी पाण्यात घुसतो, म्हणजे खांदा आत पिळलेला असतानाच त्यावर जोर येतो. हात खांद्याच्या रेषेत पडावा, मधलं बोट आधी, तळवा खाली. हे बिघडलं की त्या दिवसाचं पोहणं संपलं, घड्याळ काहीही म्हणो.

पॅडल्स घरीच ठेवा. हाताला विश्रांती म्हणून किकबोर्ड धरणंही दुखऱ्या खांद्याला मानवत नाही. हात समोर ताणलेले राहतात आणि चिमटा तिथेच बसतो. त्यापेक्षा हात मांडीलगत ठेवून पाठीवर पाय मारा. आणि पोहण्याआधी मित्राकडून दोन्ही हात मागे खेचून घ्यायची ती जुनी तऱ्हा कृपया बंद करा. त्याऐवजी कोपर आणि बरगड्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल धरून रबर बँड सावकाश बाहेर ओढा. भिंतीवरचे पुशअप्सही करा. त्यांनी खांद्याचं पातं जागेवर राहायला शिकतं.

दुसऱ्या दिवशी ओसरणारं आंबलेपण चालेल. खांद्याच्या पुढच्या बाजूला एकाच जागी टोचणारी कळ, किंवा त्या कुशीवर झोपल्यावर येणारी जाग चालणार नाही, अस्थितज्ज्ञांना दाखवा. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः मधुमेह असेल आणि हात पाठीमागे जाईनासा झाला असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. तो पोहून मोकळा करायच्या भानगडीत पडू नका.

(पुढील आठवड्यात : ब्रेस्टस्ट्रोक आणि गुडघा)