बर्फ आवाजाने कोसळत नाही

डोंगरात कुणी ओरडलं की बर्फाचा कडा कोसळतो, हे सिनेमांनी आपल्या मनात पक्कं बसवलं आहे. प्रत्यक्षात माणसाच्या आरोळीचा किंवा इंजिनाच्या घरघरीचा बर्फावर पडणारा दाब नगण्य असतो. हिमस्खलन होतं ते भाराने. दोन-अडीचशे किलोची स्नोमोबाइल (बर्फावर धावणारी गाडी) आणि तिच्यावरचा माणूस एवढं वजन त्याला पुरतं. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत ते त्यांच्याच किंवा सोबत्याच्या भाराने सुटलेलं असतं.

‘ताजा बर्फ फारसा पडलेला नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज जास्त घातक. खरी गोम खालच्या थरात असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे चपटे स्फटिक धरतात. सकाळच्या उन्हात ते लखलखतात, पाहत राहावंसं वाटतं. पुढच्या हिमवृष्टीत ते गाडले जातात, पण वरच्या-खालच्या बर्फाला नीट धरत नाहीत. वरचा थर घट्ट होत जातो आणि हा ठिसूळ पापुद्रा कित्येक आठवडे तसाच टिकतो. भार पडला की ‘धप्प’ असा आवाज येतो, भेगा पळत जातात. तो आवाज ऐकला की मागे फिरायचं, दुसरा विचार करायचा नाही. वाऱ्याचंही तसंच. आकाश कोरडं असलं तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचत राहतो.

आधी कुणी गाडी चढवली, म्हणजे उतार सुरक्षित, हेही खोटं. थर जिथे पातळ आहे, तिथे नेमका दहावा चालक पोहोचू शकतो.

३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. मात्र त्यांच्या पायथ्याशी उभं राहणंही तितकंच धोक्याचं. १३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलवाल्यांचा मोठा मेळा जमला होता. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता. हिमस्खलन खालच्या गर्दीवर आलं, दोघांचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले.

बीकन (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) जवळ असला म्हणजे झालं, असंही नाही. गाडलेल्या माणसाला बाहेर काढायला १०-१५ मिनिटंच हाताशी असतात. अर्धा तास उलटला की तिघांतला जेमतेम एक वाचतो. म्हणून बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या पाठीवर हवं, आणि उतारावर एका वेळी एकच गाडी. अडकलेल्या मित्राला मदत म्हणून दुसऱ्याने गाडी वर चढवायची नाही.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यातल्या धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी लोकांना ‘मधली’ वाटते. पण या पातळीच्या दिवशीही बरेच मृत्यू होतात.

आपल्याकडे गुलमर्गला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा जरूर पाहावा. आणि जादा पैसे देऊन स्नो-स्कूटरवाल्याला ठरलेल्या पट्ट्याबाहेरच्या उतारावर न्यायला कृपया सांगू नये.